पहिल्या मैलाची थंडी

दिवाळी जवळ आली, की आमच्या घरी माळ्यावरून तीन वस्तू खाली येतात. आकाशकंदिलाचा सांगाडा, चकलीचा सोऱ्या आणि लोकरीच्या कपड्यांची पत्र्याची ट्रंक. पहिल्या दोघांचे घरात स्वागत होते. तिसरीचे झाकण उघडले, की डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरतो आणि तळणीतल्या करंज्यांच्या वासाशी त्याचे भांडण जुंपते. मग कोणीतरी ओरडते, ‘‘ती ट्रंक आधी गच्चीत न्या!’’ ती नेण्याचे काम माझे असते. मीही ते आनंदाने करतो. कारण त्या वासाबरोबर मला थंडी आठवत नाही, सायकल आठवते.

सायकलवर जाताना कोणत्या हवेत काय घालावे, हा प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मोटारीत बसणाऱ्याला तो पडत नाही; त्याने काच वर केली की त्याचा प्रश्न सुटतो. पायी जाणाऱ्यालाही फारसा पडत नाही. पण पुण्याला जेव्हा सारे लोक सायकलींचे शहर म्हणत, तेव्हा हा प्रश्न घरोघरी रोज निघत असे आणि त्यावरून घरोघरी रोज एक छोटेसे भांडण होत असे. आमच्या घरी ते सकाळी सहा वाजता, वाड्यातल्या आमच्या बिऱ्हाडाच्या दारात होई.

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कारकून होते. सदाशिव पेठेतून खडकी चांगली पाच मैल. लकडी पूल ओलांडायचा, डेक्कन जिमखान्यावरून फर्ग्युसन रस्त्याला लागायचे आणि गणेशखिंडीच्या बाजूने खडकीला उतरायचे. थंडीच्या दिवसांत त्यांचा वेष ठरलेला असे. आत गंजिफ्रॉक, वर सदरा, सदऱ्यावर आदल्या दिवशीचा ‘सकाळ’ चौपदरी घडी करून छातीवर, त्यावर जुना गरम कोट आणि गळ्याला मफलर. पँटच्या पायांना दोन लोखंडी क्लिपा. ‘‘आमचे अण्णा बातम्या छातीशी धरून जातात,’’ असे आम्ही भावंडे म्हणत असू. त्यांच्या मागोमाग आई एक जास्तीचा स्वेटर हातात घेऊन दारापर्यंत येई.

‘‘हा घाला म्हणते मी. बाहेर किती गार आहे!’’

‘‘पहिल्या मैलाला थंडी वाजलीच पाहिजे,’’ अण्णा क्लिप लावता लावता म्हणत. ‘‘पहिल्या मैलाला वाजली नाही, तर दुसऱ्या मैलाला घाम आलाच समज. आणि घाम आला, की तिसऱ्या मैलाला खरी थंडी.’’

‘‘तुमचे मैल तुम्हालाच ठाऊक,’’ असे म्हणून आई तो स्वेटर पुन्हा आत नेई. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर आणी. सिमला ऑफिसच्या नोंदीप्रमाणे पुण्यात आजवरची सर्वांत कडक थंडी १७ जानेवारी १९३५ या दिवशी पडली, पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. अण्णा तेव्हा नुकते नोकरीला लागले होते आणि त्या सकाळी ते सायकलनेच गेले होते. ही हकीकत ते दर जानेवारीत सांगत. दरवर्षी तिच्यात थोडी थोडी थंडी वाढत जाई, पण स्वेटर मात्र एकही वाढत नसे.

अण्णांच्या या तीन मैलांच्या तत्त्वज्ञानात पुष्कळ शास्त्र होते, हे मला पुढे कळले. सायकल चालवणारा माणूस म्हणजे चालती शेगडी. त्याने खाल्लेल्या अन्नातून जी शक्ती निघते, तिच्यातली जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पायडल फिरवण्याच्या कामी येते. उरलेली सगळी उष्णता होऊन अंगात राहते. म्हणून पाच-दहा मिनिटांत आतली शेगडी पेटते. पण शेगडीबरोबर हा माणूस आपला वाराही स्वतःच तयार करतो. हवा अगदी स्तब्ध असली, तरी तो वीस किलोमीटरच्या वेगाने जात असेल तर वीस किलोमीटरचा वारा त्याच्या तोंडावर बसतो. वाऱ्याने थंडी किती वाढते, हे सायपल आणि पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकात पाण्याच्या नळकांड्या वाऱ्यात टांगून, पाणी गोठायला किती वेळ लागतो ते पाहून मोजले. त्या मोजणीची सुधारून केलेली कोष्टके अमेरिकेत आणि कॅनडात २००१ सालापासून वापरतात. त्यांच्या हिशेबाने दहा अंशांच्या हवेत वीस किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या चेहऱ्याला सुमारे सात अंश असल्यासारखे वाटते. सिमला ऑफिस पहाटेचे तपमान सांगते ते अगदी बरोबर असते. पण त्यात आपण काढलेला वारा धरलेला नसतो. तो ज्याचा त्याने धरायचा असतो.

म्हणजे सायकलवाल्याला एकाच वेळी आतून उकडते आणि बाहेरून गारठते. त्यातही चढावर शेगडी जोरात आणि वारा कमी. उतारावर वारा जोरात आणि शेगडी विझलेली. त्याचे कपडे या दोघांमधली तडजोड असते. घरून निघताना मात्र कपडे ठरवतो तो दारात उभा असलेला माणूस, आणि दारात ना शेगडी असते ना वारा. तरुणपणी मी यावरून एक सिद्धान्तच मांडला होता: दारात उभे राहणारे लोक आपल्याला दारात उभे राहण्यापुरते कपडे घालतात. या सिद्धान्ताचा मला फार अभिमान होता. तो अर्धाच होता, हे कळायला मला म्हातारपण यावे लागले.

थंडीची गोष्ट सांगण्याआधी उन्हाळा आणि पावसाळा उरकून घेतो. कारण त्या दोन ऋतूंत माझ्या हातून झालेल्या चुकांची मला लाज वाटत नाही.

पुण्याचा उन्हाळा कोरडा. एप्रिलमध्ये पारा अडतीस-चाळीसला सहज टेकतो. ३० एप्रिल १८९७ रोजी तो ४३.३ अंशांवर गेल्याची नोंद आहे. अशा उन्हात कमीत कमी कपडे घालावेत, असे कोणालाही वाटेल. अण्णा मात्र लांब बाह्यांचा, ढगळ, पांढरा सुती सदरा घालत आणि टोपीखाली ओला रुमाल ठेवत. बाह्या उन्हासाठी, ढगळपणा वाऱ्यासाठी आणि सुती कापड घामासाठी. घाम अंगावर सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम सुकायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. सुती सदरा तो घाम धरून ठेवतो आणि कोरड्या वाऱ्यात हळूहळू सुकू देतो. मे महिन्यात मी दादरला मामाकडे जाई, तेव्हा त्याची सायकल घेऊन चौपाटीपर्यंत फेरफटका मारत असे. तिथे पारा तेहतिसाच्या वर नसे, तरी मी पुण्यापेक्षा जास्त हैराण होई. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, नुसता टपकतो. मामा म्हणे, ‘‘टपकलेला घाम फुकट गेला, सुकलेला घाम कामी आला.’’ मामा हिशेबनीस होता.

पुढे टेरिलीनचे शर्ट आले. मी हट्ट करून एक शिवून घेतला आणि चैत्रातल्या भर दुपारी तो घालून मित्राकडे पर्वतीच्या पायथ्याशी गेलो. पोचलो तेव्हा शर्टाची इस्त्री जशीच्या तशी होती. मी मात्र उकडलेल्या बटाट्यासारखा झालो होतो. अण्णांनी संध्याकाळी माझ्याकडे आणि शर्टाकडे आळीपाळीने पाहिले. ‘‘इस्त्री मोडत नाही हे खरं,’’ ते म्हणाले. ‘‘माणूस मोडतो.’’

पावसाळ्यात आमच्याकडे सायकलवाल्यांचे दोन पंथ होते, रेनकोटवाले आणि केपवाले. केप हँडलवर पसरली, की तिच्याखाली गुडघे, दप्तर आणि वेळप्रसंगी दोन शेर मेथीची भाजीही कोरडी राहते. पण लकडी पुलावर आडवा वारा आला, की केपचे शीड होते आणि सायकल नदीकडे वळू पाहते. रेनकोटात हा धोका नाही. तिथे पावसाने न भिजलेला माणूस घामाने भिजतो, एवढेच. या दोन्ही पंथांपलीकडला तिसरा मार्ग मला एका गवळीदादांनी दाखवला. मुळशीच्या बाजूने दुधाचे कॅन सायकलला बांधून ते पहाटे शहरात येत. आषाढातल्या धो धो पावसात त्यांच्या डोक्यावरून घोंगडीची खोळ असे, आणि ती अर्थातच चिंब असे. ‘‘दादा, ही तर सगळी भिजली,’’ असे मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, ‘‘भिजायचं तर हायेच की. गार नाय पडायचं.’’ ओले सुती कापड अंगाला चिकटून ऊब पळवते, ओली लोकर ऊब धरून ठेवते. पावसात कोरडे राहण्याचा हट्ट माणसाने सोडावा, उबदार राहण्याचा धरावा, ही शिकवण मी त्या दिवशी घेतली. तेव्हापासून पावसाळ्यात लांबच्या फेरीला मी आत पातळ लोकरीची बंडी घालत आलो आहे.

आता थंडी.

मी १९६५ साली कॉलेजात गेलो. कॉलेज नदीपलीकडे, घरापासून दोन-अडीच मैलांवर, आणि पहिला तास सकाळी साडेसातला. त्या वर्षी दसऱ्याला आईने लक्ष्मी रस्त्यावरून गडद हिरव्या लोकरीच्या लडी आणल्या. दुपारची जेवणे उरकली, की ती खिडकीपाशी सुया घेऊन बसे. मार्गशीर्षात स्वेटर पुरा झाला. लांब बाह्यांचा, बंद गळ्याचा, चांगला जाड. गळ्याचा घेर तिने दोनदा उसवून पुन्हा विणला होता.

तो स्वेटर दारात फार सुरेख वाटे. लकडी पुलावरही तो बरा वाटे, कारण नदीवरची गार हवा पहाटे तिथे अंगावर येते. पण पूल संपून चढ सुरू झाला, की तो आत धुमसू लागे. डोक्यातून काढायचा म्हणजे उतरावे लागे. न काढावा तर वर्गात पोचेपर्यंत पाठ ओलीचिंब आणि मग तासभर दगडी भिंतींच्या वर्गात दात वाजवत बसणे. त्याखेरीज आणखी एक कारण होते, तेही सांगून टाकतो. आईने विणलेला बंद गळ्याचा स्वेटर घालून कॉलेजच्या फाटकातून आत जायला मला संकोच वाटे. मग मी एक युक्ती काढली. दारात आईसमोर स्वेटर घालायचा, बोळाच्या वळणावर उतरून काढायचा आणि कॅरिअरच्या चिमट्यात अडकवायचा; परतताना त्याच वळणावर पुन्हा घालायचा. दीड महिना हे बिनबोभाट चालले.

जानेवारीतल्या एका सकाळी कॉलेजात पोचलो आणि मागे पाहिले, तर चिमटा मोकळा. मी तास बुडवला आणि सारा रस्ता पालथा घातला. बोळ, पूल, दोन्हीकडची गटारे, चहाची दुकाने. स्वेटर मिळाला नाही.

घरी जाऊन खरे सांगायला काय हरकत होती? पण खरे सांगायचे, तर स्वेटर कॅरिअरवर कसा गेला हेही सांगावे लागले असते. मी म्हणालो, ‘‘कॉलेजच्या सायकल-स्टँडवर काढून ठेवला होता. कुणीतरी चोरला.’’

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, ‘‘असेल कुणी काकडलेला. त्याच्या अंगाला तरी लागेल.’’ आणि तिने पुन्हा निवडायला घेतले.

ती रागावली असती तर बरे झाले असते. तो हिवाळा मी अण्णांसारखा छातीवर ‘सकाळ’ ठेवून काढला. आणि स्टँडवर फाटका शर्ट घातलेला एखादा मुलगा दिसला, की मी त्याच्याकडे पाहायचे टाळत असे. जो चोर मीच जन्माला घातला होता, तो मला जागोजागी दिसू लागला होता.

पुढल्या दिवाळीत आईने पुन्हा लोकर आणली. या वेळी स्वेटर लवकर झाला. तो बिनबाह्यांचा होता, लोकर पातळ होती आणि तो पुढून उघडत होता. खाली ते वर पाच काळी बटणे होती.

‘‘हा असा उघडा का केलास?’’ मी विचारले.

‘‘वारा लागेल तिथं बटणं लाव, उकडेल तिथं सोड,’’ ती म्हणाली. ‘‘काढून कॅरिअरला लावायला नको.’’

कॅरिअर हा शब्द ऐकताच माझे कान गरम झाले. ‘‘तुला कुणी सांगितलं?’’

‘‘तुझ्या गंजिफ्रॉकानं. एवढा जाड स्वेटर घालून अडीच मैल सायकल हाणणाऱ्याचा गंजिफ्रॉक धुवायला येतो, तेव्हा पाठीवर मिठाचे डाग हवेत. तुझा कोरडा ठणठणीत असायचा.’’

एवढे बोलून ती चहा टाकायला उठली. चोराबद्दल तिने एक अक्षरही काढले नाही. त्या क्षणी मी खरे बोलू शकलो असतो. दार तिने उघडेच ठेवले होते. पण मी नवा स्वेटर अंगात घातला, ‘‘छान झालाय,’’ म्हणालो आणि बाहेर पडलो.

तो स्वेटर खरोखरच छान होता. थंडीतल्या सायकलीसाठी याहून शहाणा कपडा मी पाहिलेला नाही. छाती आणि पाठ झाकलेली, कारण वारा छातीवर बसतो. हात मोकळे, कारण सदऱ्याची बाही तेवढ्याला पुरते. पुढे मी आपल्यापुरता एक तक्ताच ठरवला. पारा दहाच्या खाली असेल, तर कानटोपी, हातमोजे, छातीवर कागद, त्यावर बटणांचा स्वेटर आणि गुडघे नीट झाकलेले. कान आणि बोटे काही काम करत नाहीत, म्हणून ती आधी गारठतात. दहा ते पंधरा असेल, तर नुसता स्वेटर. बटणे पुलापर्यंत लावलेली, पुलानंतर सोडलेली. पंधराच्या वर गेला, की साधा सदरा. आणि कोणत्याही आकड्याला घरून निघताना थोडेसे काकडायचेच.

या बटणांची परीक्षा १९६७ च्या डिसेंबरात झाली. आम्ही तिघे मित्र रविवारी पहाटे कात्रजच्या घाटाला गेलो. घाट चढताना मी पाचही बटणे सोडली होती. एका मित्राच्या अंगात फक्त नायलॉनचा शर्ट होता आणि तो घामाने निथळत होता. वर बोगद्याच्या तोंडाशी चहा-भजी झाली, गप्पा झाल्या आणि उतरायला लागलो. मी बटणे लावली. दोन वळणे झाली नाहीत तोच नायलॉनवाल्याचे हात इतके थरथरू लागले, की त्याला ब्रेक धरवेना. चढावरचा घाम उतारावर वसुली करतो तो असा. आम्ही सायकली वळवून पुन्हा चहावाल्याकडे गेलो. त्याने भज्यांच्या रद्दीतले चार कागद काढून दिले, ते मित्राच्या शर्टात कोंबले आणि मग तो धडपणे खाली आला. चार दिवस त्याच्या अंगाला कांद्याच्या भज्यांचा वास येत होता, असे त्याची आई म्हणे.

अण्णांना हे सांगितले, तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. फ्रान्समधल्या प्रसिद्ध शर्यतीतले स्वार आल्प्सच्या घाटमाथ्यावर पोचले, की प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन छातीशी कोंबतात आणि मगच उतार घेतात, हे मी पुढे वाचले. तेही त्यांना वाचून दाखवले. ‘‘कोणतं वर्तमानपत्र ते लिहिलंय का?’’ त्यांनी विचारले.

आता अण्णा नाहीत. आई १९९० साली गेली. वाडाही गेला, त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे आणि डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी माझी सायकल बंद केली आहे. पण घरातली सायकल बंद झालेली नाही. माझी नात कॉलेजात आहे आणि रविवारी पहाटे साडेपाचला मैत्रिणींबरोबर कात्रजला किंवा पाषाणला जाते. तिचे कपडे पाहून प्रथम मला हसू आले होते. एक घट्ट बनियन, ते घाम शोषत नाही तर बाहेर सोडते. वर एक जाकीट, ते इतके पातळ की मुठीत मावते, पण वारा आत घेत नाही. पुढून त्याला गळ्यापर्यंत चेन. मी ती चेन वर-खाली करून पाहिली. वारा लागेल तिथे लाव, उकडेल तिथे सोड. आईची पाच बटणेच ती, फक्त कारखान्यात झालेली.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पहाटे नात निघाली, तेव्हा मी दार लावायला उठलो होतो. बाहेर चांगलाच गारठा होता. माझ्या तोंडून निघून गेले, ‘‘अगं, एवढ्यावर जाऊ नकोस. वरून स्वेटर घाल.’’

‘‘आबा,’’ बुटाचा पट्टा ओढत ती म्हणाली, ‘‘पहिल्या किलोमीटरला थंडी वाजलीच पाहिजे.’’

‘‘कुणी सांगितलं तुला?’’

‘‘तुम्हीच. मी तिसरीत होते तेव्हा.’’

ती जिना उतरून गेली. खाली कुलूप निघाल्याचा, मग चाकांचा आवाज आला आणि तोही बोळाच्या वळणावर संपला. मी दारातच उभा राहिलो. हळूहळू माझ्या लक्षात आले, की मला खूप थंडी वाजते आहे. नातीची शेगडी एव्हाना पेटली असेल, पुलापर्यंत तिचे अंग गरम होईल. दारात उभा असलेल्या माणसाला मात्र दुसरा मैल नसतो. त्याची थंडी पहिल्याच मैलाची, आणि ती सरत नाही.

मग मला आमच्या जुन्या दारात उभी असलेली आई दिसली. सकाळचे सहा. अंगावर सुती लुगडे, खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला पदर, हातात अण्णांचा स्वेटर. अण्णांसाठी तिने विणले, आम्हा चारही भावंडांसाठी विणले, शेजारच्या बाळंतिणीच्या मुलांसाठी विणले. तिला स्वतःला स्वेटर नव्हता. तिने कधी घातलेला मी पाहिला नाही, आणि तो नाही हे साठ वर्षांत एकदाही माझ्या ध्यानात आले नाही. ती दारात उभे राहण्यापुरते कपडे आम्हाला घालू पाहत होती हे खरे. पण तिथे किती थंडी असते, हे तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते.

वाचकहो, सणाच्या दिवशी कोणाचे देणे बाकी ठेवू नये म्हणतात, म्हणून हेही लिहून ठेवतो. १९६६ च्या जानेवारीत कॉलेजच्या सायकल-स्टँडवरून हिरवा स्वेटर कोणीही चोरला नव्हता. तो माझ्याच हलगर्जीपणाने वाटेत पडला. तो ज्याला सापडला असेल, त्याच्या अंगाला तो लागला असेल अशी आशा आहे.

यंदा ट्रंक गच्चीत नेली, तेव्हा तळाशी तो बिनबाह्यांचा स्वेटर मिळाला. उन्हात दोन दिवस टाकल्यावर गोळ्यांचा वास बराचसा गेला. आता रविवारी पहाटे दार उघडायला उठलो, की मी तो घालतो. नातीला वरून काही घाल असे म्हणत नाही. ‘‘चेन लकडी पुलापर्यंत वर, चढाला खाली, उतरायच्या आधी पुन्हा वर,’’ एवढेच सांगतो. ती ‘‘हो आबा’’ म्हणते आणि जाते. मी वळणावरचा आवाज विरेपर्यंत उभा राहतो. पाचांपैकी चार बटणे अजून शाबूत आहेत.